बारा गाळ्यांच्या नमुन्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी इमारत आहे, पण माझ्यात आजवर एकही माणूस राहिलेला नाही. एकदा एका पालीने माझ्या नवव्या गाळ्यात अंडी घातली होती, तेवढाच काय तो माझा संसार. तुमच्या शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत, करवती टांगलेल्या भिंतीखाली, काटकोनात वळलेलं जे लाकडी खोकं दिसतं, ते मी. काही मुलं मला कोंबड्यांचं खुराडं समजतात. त्यांचा दोष नाही. माझ्यावर धूळच इतकी बसली आहे.

मी खुराडं नाही आणि खेळणंही नाही. मी नमुना आहे. कळंबच्या बाजारपेठेत एक इमारत व्हायची होती, ती होण्याआधी मी झालो. बापाच्या आधी मुलगा जन्मावा, तसं काहीसं. ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची मला शंका आहे. मला तोंड नाही. मला फक्त बारा दारं आहेत आणि त्यातल्या सहा दारांनी एकदा खोटं सांगितलं आहे. तरीही सांगतो, कारण सांगणारा दुसरा कोणी उरलेला नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात रसूल सुताराने मला घडवलं. रसूल मूळचा ईट गावचा. गाड्यांची चाकं, पाळणे, दारांच्या चौकटी हे त्याचं काम. त्याला दुकान नव्हतं. पेठेत रेवणप्पाशेठच्या आडतीसमोर एक लिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत तो हत्यारं मांडून बसे. ऊन सरकलं की तोही सरके. पावसाळ्यात चार महिने त्याचं काम जवळजवळ बंद असे.

रेवणप्पाशेठ ज्वारी-तुरीचे मोठे व्यापारी. आडतीसमोर, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर त्यांची मोकळी जागा होती. तिथे बारा गाळे बांधायचे आणि एकेक गाळा वेगळ्या माणसाला कायमचा विकायचा, असं त्यांच्या मनात आलं. पुढे दुकान, मागे राहायची खोली. तेव्हा कळंबात ही गोष्ट अगदी नवी होती. माणूस दुकान भाड्याने घेई, नाहीतर स्वतःचं बांधी. एका इमारतीला बारा मालक म्हणजे लोकांना थट्टा वाटे. "भिंत दोघांची, मग खिळा कुणी मारायचा?" असं पारावर विचारलं जाई.

शेठनी सोलापुराहून नकाशा काढून आणला होता, पण गिऱ्हाईकं तो उलटा धरत. मग त्यांनी रसूलला बोलावलं.

"कागुद कुणाला कळंना गेलाय, रसूल. लाकडात करून दे. दारं उघडझाप करता आली पायजेत."

रसूलने एका मोडक्या कपाटाच्या सागाच्या फळ्या घेतल्या. भिंती त्यातून निघाल्या. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून छप्पर झालं. पितळी तारेच्या बिजागऱ्या झाल्या. सहा दारं पूर्वेच्या रुंद रस्त्याकडे, सहा दक्षिणेच्या बोळाकडे. महिनाभर तो माझ्यावर राबला. त्याच्या बोटांना फेविकॉल ठाऊक नव्हता. हाडांचा सरस शिजवून तो माझे सांधे जुळवी आणि वाळेपर्यंत दोन्ही हातांनी मला धरून बसे. तुम्हाला आईने धरलं असेल, तसं.

लिंबाच्या मागेच चंद्रप्रभाबाईंची खानावळ होती. बाई चाळिशीच्या, विधवा. तहसीलातले कारकून आणि बाहेरगावचे मास्तर त्यांच्याकडे जेवत. रसूलही दुपारी तिथेच जेवे, पण ओट्यावर. त्याची ताटली वेगळी होती, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली. त्या काळी तसंच होतं. बाई मात्र त्या ताटलीत भाकरी गरम वाढत, आणि तो उशिरा आला तर रागावत.

"काय ओ रसूलभाई, बाहुलीचं घर करताय? ह्या वयात?"

"ह्यात बाहुल्या न्हाईत, बाई. माणसं ऱ्हाणार हायेत."

"माणसं राहणार? मग चूल कुठं मांडायची? धूर कुठून जायचा? पुरुषानं घर काढलं की असंच. देवाला कोनाडा आणि बाईला धूर!"

रसूल हसला. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या बाराही खोल्यांना मागच्या बाजूला करंगळीएवढी धुराडी बसवली. बाईंनी हात पुसत येऊन ती पाहिली. मग त्या बराच वेळ माझ्यासमोर उकिडव्या बसून राहिल्या. त्यांच्या घरमालकाला खानावळीची जागा तंबाखूच्या वखारीसाठी हवी होती. पुढच्या पाडव्याला जागा सोडा, असं त्याने बजावलं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या छपराखाली भाकरी थापलेल्या त्या बाईला आपली म्हणून एक चूल हवी होती. त्या दिवशी माझ्याकडे बघताना त्यांच्या मनात ते पक्कं झालं. मला त्याचा फार अभिमान वाटला. आता तो आठवला की लाज वाटते.

मला आडतीच्या बैठकीत, रस्त्याच्या बाजूला, चौरंगावर ठेवलं. तिथून मला पेठ दिसे, लिंब दिसे, आणि समोरची मोकळी जागाही दिसे. गावोगावची माणसं मला बघायला येत. ईटहून, येरमाळ्याहून, बैलगाडीने आलेली माणसं पागोटं सावरून वाकत, एका बोटाने दार ढकलून आत बघत. "आरं, आत खोली बी हाय की!" म्हणत. माझी अशी वाहवा पुन्हा कधी झाली नाही.

नियम साधा होता. विकला गेला तो गाळा, त्याचं दार बंद. शिल्लक असेल त्याचं उघडं.

पहिल्याच आठवड्यात शेठ आणि त्यांचा मुनीम व्यंकट माझ्यासमोर बसले होते. पूर्वेचे सहा गाळे चांगले. वाहता रस्ता, सकाळचं ऊन. दक्षिणेचे सहा नकोसे. एक तर दक्षिणेला तोंड, त्यात तो बोळ पुढे मसणवाट्याकडे जाई. व्यंकट म्हणाला, "शेठ, पूर्वेचे आज इकून टाकू. लोक मागायलेत. दक्षिणेचं बघू मागनं."

शेठ सुपारी कातरत होते. "व्यंकट, पेव फोडल्यावर आदी काय काढतूस?"

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं खोल भुयार. शेठची सगळी उमर पेवांवर गेली होती.

"वरचा थर, शेठ. वाफ लागलेला. काळपट."

"आन् मधली पांढरीशुभ्र जवारी?"

"ती भाव चढल्यावर."

"मग हितं काय येगळं हाय? काळपट माल आदी काढायचा. जमिनीवर चुन्याची फक्की पडायच्या आदी. एकदा पाया आखला, की कुठलं दार मसणवाट्याकडं हाय ते शेंबडं पोर बी सांगंल. आज लाकडात समदी दारं सारखी दिसत्यात. आन् त्या पैशातच भिंती चढवायच्या."

"पन लोक पूर्वेचेच मागत्यात, त्यांना काय सांगू?"

शेठनी अडकित्ता खाली ठेवला, हात पुढे केला आणि माझी पूर्वेची सहाही दारं एकामागून एक बोटाने लावून टाकली.

"काय बी सांगू नगंस," ते म्हणाले.

मित्रांनो, ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी फक्त दारं लावली. खोटं मी बोललो. त्यानंतर जो कोणी आला, त्याने माझ्याकडे पाहिलं, पूर्वेचे गाळे गेले म्हणून हळहळला, आणि उरलेलेही जातील या भीतीने दक्षिणेचा इसार देऊन गेला.

चंद्रप्रभाबाई आल्या त्या दिवशी शेठ आत जेवत होते. बैठकीत रसूल एकटाच होता, माझी एक बिजागरी नीट करत. त्याच सकाळी शेठनी त्याला शब्द दिला होता: बाराही गाळ्यांच्या चौकटी आणि दारं तू कर, मजुरीबद्दल दक्षिणेचा अगदी शेवटचा गाळा तुझा. रसूलला दक्षिणेचं काही वावडं नव्हतं. पावसात भिजणार नाही अशी जागा मिळतेय, एवढंच त्याला दिसत होतं. पण दक्षिणेचे गाळे खपल्याशिवाय काम सुरू होणार नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं. आणि पूर्वेची दारं कोणी, कशी लावली, तेही त्याने लिंबाखालून पाहिलं होतं.

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "रसूलभाई, ते आत आहेत तोवर खरं सांगा. सहाही गेले? मला पूर्वेचा हवा होता. कारकून त्याच रस्त्यानं येतात. आणि तो बोळ… आमच्या ह्यांना त्याच बोळातून नेलं. रोज तिकडं तोंड करून चूल पेटवायची म्हणजे…"

रसूलने माझ्याकडे बघितलं.

"दारं लागलेली दिसतायत न्हवं, बाई," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. तो असं बोलला म्हणजे ते खरं, एवढा त्यांचा त्याच्यावर भरवसा होता. दक्षिणेच्या रांगेतला कोपऱ्यालगतचा पहिला गाळा त्यांनी घेतला. निदान दारातून वाकलं तर पूर्वेचा रस्ता दिसेल, असं त्या म्हणाल्या. हातातल्या पाटल्या मोडून त्यांनी इसार दिला. पाडव्याला छपरासकट ताबा, असं ठरलं. शेठनी त्यांच्यादेखत ते दार लावलं. ते एक दार मात्र खरोखर लागलं.

दसऱ्यापर्यंत दक्षिणेचे सहाही गेले. मग फक्की पडली, पाया खोदला गेला. कोणाचं दार कुठे ते तेव्हा सगळ्यांना कळलं. काही कुरकुरले, पण पैसे अडकले होते. दगड आणि पांढरी माती यांच्या भिंती भराभर चढल्या. रसूलने चौकटी बसवल्या. संक्रांतीला भिंती छपरापर्यंत आल्या, आणि काम थांबलं.

पत्रे संपले होते असं नाही. मोटार स्टँड पूर्वेच्या रस्त्यावर होणार, अशी आवई उठली होती. झालं, तर पूर्वेच्या गाळ्यांचा भाव तिप्पट. नाही झालं, तर काय ते पुढे बघता येईल. छप्पर घातलं असतं तर दक्षिणेच्या लोकांना ताबा द्यावा लागला असता. त्यांची दुकानं लागली असती, आणि पूर्वेची सहाच्या सहा ओसाड आहेत हे सगळ्या गावाला दिसलं असतं. उघड्या भिंतींत मात्र कोण आलं, कोण नाही, काहीच कळत नाही. म्हणून थांबायचं.

रसूल शेठकडे गेला. मी तिथेच होतो.

"शेठ, भिंती उघड्या हायेत. मातीतलं काम हाय. मिरगाच्या आत पत्रे टाका."

"रसूल, आपल्या पेवात जवारी सात-सात वर्सं ऱ्हाती. कीड न्हाय, वाळवी न्हाय. थांबाया शिकावं मानसानं."

"पेव झाकल्यालं असतंय, शेठ."

शेठनी रसूलकडे निरखून बघितलं. मला वाटलं, त्यांना कळलं. मग ते हसले. "लई शाना झालास. तुझा गाळा बी त्यातच हाय न्हवं? मग मला नुसकान व्हावं वाटंल का?"

ते वाईट मनाने बोलत नव्हते, असं मला अजूनही वाटतं. माल दाबून ठेवला की वाढतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. भिंत दाबून ठेवता येत नाही, ती पाणी पिते, हे त्यांच्या धंद्याने त्यांना शिकवलंच नव्हतं.

पाडवा आला. घरमालकाने चंद्रप्रभाबाईंची भांडी ओट्यावर आणून ठेवली. बाईंनी गुढी उभारली नाही. भांडी डोक्यावर घेऊन त्या रस्ता ओलांडून आपल्या गाळ्यात गेल्या. वर आभाळ होतं. चार बांबू आणि एक ताडपत्री बांधून त्यांनी चूल मांडली. दाराशी पाणी शिंपडलं. कारकून निम्मे झाले. काही बोळात यायला कचरत, काहींना ताडपत्रीखाली उकडे. रसूल मात्र रोज येई, ओट्याऐवजी दगडावर बसे. तो फारसा बोलत नसे. बाईंना वाटे, आपल्या हालांनी तो कष्टी झालाय. तसा तो कष्टी होताच.

तो पावसाळा गेला. भिंतींना काळे ओघळ पडले, दगडांच्या दर्जांमधली माती धुपली. आणि पुढच्या वैशाखात मोटार स्टँड पूर्वेच्या रस्त्यावर नक्की झालं.

त्या आठवड्यात बार्शीचा एक कापडवाला आला. शेठनी त्याला माझ्यासमोर बसवलं, आणि दोन वर्षं लावून ठेवलेली माझी सहा दारं नखाने एकेक करून उघडली. गंजलेल्या तारेमुळे एक दार अडकलं. "रसूल, जरा हिकडं बघ," असं म्हणून त्यांनी लिंबाखालून रसूलला बोलावलं.

तेवढ्यात चंद्रप्रभाबाई व्यंकटचा जेवणाचा डबा घेऊन आल्या. त्यांनी उघडी दारं पाहिली. डबा उंबऱ्याशी ठेवून त्या उभ्या राहिल्या. कापडवाला पसंती देऊन शेठबरोबर जागा बघायला बाहेर पडला, तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या. रसूल खाली मान घालून तार वाकवत होता.

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"व्हय, बाई."

"एकट्याला विचारलं होतं. खरं सांगा म्हणाले होते."

"व्हय."

"शेठ व्यापारी आहे. त्याला मी विचारलंच नव्हतं हो! व्यापाऱ्याला कोण विचारतं? तुम्हाला विचारलं."

रसूल म्हणाला, "म्या बोललो… दारं लागल्याली हायेत."

"दारं तुम्हीच केलेली ना? मग तुम्हाला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?" बाईंचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "जेवायला येत जा. उपाशी ठेवणं मला जमायचं नाही. पण माझ्याशी बोलू नका. तुमच्या तोंडातून निघालेला शब्द मला नको."

त्या गेल्या. रसूलने न बघताच ते दार माझ्या चौकटीत बसवलं. कितीतरी वेळाने त्याला दिसलं, की ते दार त्याने उलटं बसवलं आहे.

आता पुढचं सांगायचं मला धैर्य होत नाही, पण आटोपतं घेऊ शकत नाही.

भाव आल्यावर शेठनी काम सुरू केलं. पण पत्रे कुठून घालायला सुरुवात झाली? जे विकायचे होते, तिथून. पूर्वेच्या सहांवर श्रावणात नवेकोरे पत्रे चढले आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरले. दक्षिणेचे विकून झाले होते. त्यांना घाई कसली? पूर्वेच्या पत्र्यांचा उतार मागच्या बाजूला होता. सहा छपरांचं पाणी मागच्या कोपऱ्यात, चंद्रप्रभाबाईंच्या खोलीच्या भिंतीच्या मुळाशी पडू लागलं. दोन पावसाळे पाणी प्यालेली भिंत ती. मित्रांनो, माझ्यावर तर पहिल्या दिवसापासून छप्पर होतं. डब्याच्या पत्र्याचं का होईना, आणि खाली भिजायला कोणी नसताना.

भाद्रपदात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी रसूलने बोळातून जाताना त्या भिंतीला पोट आलेलं पाहिलं. पुढचं मी पाहिलं नाही. रसूल नंतर कितीतरी वर्षं काम करता करता पुटपुटत असे, त्यातून मला कळलं.

तो धावत दारात गेला. बाई परातीत पीठ मळत होत्या.

"बाई, भाईर या. चूल आज लिंबाखाली मांडा. भितीला पोट आलंय."

बाईंनी मान वर केली नाही.

"बाई, आवो माझ्याशी बोलू नगा, पन भाईर या. भीत ऱ्हात न्हाय."

"शेठनी पाठवलं का?" बाई म्हणाल्या. "आज बार्शीवाला बायको घेऊन येणार आहे म्हणे बघायला. शेजारी ताडपत्री दिसली तर शोभा जाते. असंच ना?"

"खुदाची कसम, बाई."

"त्या दिवशी कसम घेतली नव्हतीत, तरी मी विश्वास ठेवला." त्यांनी पिठाचा गोळा उचलला. "जा तुम्ही. माणसं जेवायला येतील."

रसूल टेकू आणायला पळाला. जाडजूड बाभळीचे दोन वासे त्याने लिंबाखालून ओढत आणले. अर्ध्या वाटेवर असताना त्याने आवाज ऐकला. तो मीही ऐकला. मोठा नव्हता. पोत्यातून धान्य ओतावं, तसा होता.

मातीखालून बाईंना काढायला पेठ जमली. शेठही अनवाणी धावले, स्वतःच्या हातांनी दगड उपसले. पण उपयोग झाला नाही. त्याच बोळातून त्यांना नेलं.

फौजदार बैठकीत बसून पंचनामा लिहू लागला. शेठ राखेच्या रंगाचे झाले होते. ते म्हणत होते, "पाऊस लई झाला साहेब. म्या काय पाऊस पाडला?" पावसाने भिंत कोसळली, असं लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतंच.

रसूल चिखलाने भरलेला उंबऱ्याशी उभा होता. तो म्हणाला, "साहेब, माझं बी लिवा. म्या खोटं बोललो."

"भिंतीबद्दल?"

"न्हाय. दारांबद्दल."

"कुठल्या दारांबद्दल?"

रसूलने माझ्याकडे बोट केलं. फौजदाराने मला पाहिलं, मग त्याला पाहिलं. "अरे बाबा, हे पंचनाम्यात बसत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज कठोर नव्हता. त्याने टाक पुसला आणि कागद मिटले.

दक्षिणेवर पंधरा दिवसांत पत्रे पडले. इतकंच काम होतं ते, पंधरा दिवसांचं. दिवाळीच्या आत पूर्वेचे सहाही गाळे चढ्या भावाने गेले. शेठचा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता, आणि व्यंकट ते ज्याला त्याला सांगे. शेठ मात्र कोणी तो विषय काढला की उठून आत जात. मोडलेला गाळा त्यांनी पुन्हा बांधला, पण तो विकला नाही. त्यात रिकामी पोती पडून असत.

शेठनी रसूललाही फसवलं नाही, हे सांगायलाच हवं. त्याच्या गाळ्याची किल्ली त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. रसूलने ती परत चौरंगावर ठेवली.

"गाळा नगं, शेठ. ह्यो नमुना द्या. आता तुमच्या कामाचा न्हाय."

खरंच, मी कोणाच्याच कामाचा नव्हतो. सगळं विकून झाल्यावर नमुन्याला कोण विचारतं? व्यंकट मला बंबात घालणार होता. रसूलने मला धोतराच्या फडक्यात बांधून घरी नेलं. त्याने मला दुरुस्त केलं नाही, पुसलंही नाही. उलटं बसवलेलं ते दार तसंच राहिलं. पुढे त्याला तुमच्या शाळेत सुतारकाम शिकवायचं काम मिळालं, तेव्हा तो मला इथे घेऊन आला. मुलांनी विचारलं, हे काय आहे, तर तो म्हणे, "माझी चूक हाय. हात लावून बगा."

दर वर्षी मिरगाच्या आधी मात्र तो एक काम करी. शाळा सुटली की कळंबभर हिंडे. कुठे अर्धवट बांधलेली भिंत दिसली, की कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि गवत आणून तिच्या माथ्यावर अंथरी, वरून चिखल लिंपी. भिंत कोणाची, मालक कुठे, त्याने का थांबवलंय, तो काही विचारत नसे. लोक त्याला खुळा म्हणत. एकदा एका मालकाने चोर समजून त्याच्यावर काठी उगारली. रसूल म्हणाला, "मारा, पन आदी एवढी बाजू झाकू द्या." गेल्या वर्षी थंडीत तो वारला. आता त्या भिंती उघड्याच असतात.

मित्रांनो, उपदेश करायचा मला अधिकार नाही. खोटं बोललेल्या दारांचं कोणी का ऐकावं? तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही इमारती बांधतील, काही विकतील, काही पाटल्या मोडून विकत घेतील. कोणता माल कधी काढायचा, ते तुमचं तुम्हाला कळेल. ती अक्कल पेठेत आपोआप येते. ती आली म्हणजे माणूस वाईट होतो, असंही मी म्हणत नाही. पण कोणी एकट्याला गाठून तुम्हाला विचारलं, "खरं सांगा," तर माझ्याकडे बोट दाखवू नका. स्वतःच्या तोंडाने सांगा. त्यात तुमचा गाळा गेला तरी जाऊ द्या.

आणि पावसाळा तोंडावर आहे. शाळेतून जाता-येता कुठे उघडी भिंत दिसली, तर दोन पेंढ्या टाकून ती झाकून घ्या. मालक कोण, ते मग विचारा.